रिसीव्ह करायला कोण येणार?

भाद्रपद लागला की माझं कशातच मन लागत नाही. वह्या तपासायला घ्याव्यात, तर लाल पेन हातात तसंच राहतं आणि नजर खिडकीबाहेर जाते. भाजी चिरायला बसावं, तर फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटते. उठून बघावं तर कोणी नसतं. शेजाऱ्यांची गाय फाटकाला मान घासत उभी असते. तिला हाकलून परत यावं, बसावं, की पुन्हा तेच. ‘पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?’ असं कोणी ना कोणी विचारतंच. मी म्हणते, गणपती आले ना जवळ! ते उत्तर सगळ्यांना पुरतं आणि मी पुन्हा खिडकीशी जाते.

यंदा त्यात भर म्हणून परवा मुंबईहून पुतणीचा फोन आला. माझ्या दादाची ही मुलगी, नुकती नोकरीला लागलेली. बोलते इतकी भरभर, की मोबाईल कानाला लावून नुसतं हूं हूं करत राहावं लागतं. “आत्या, गौरींना येतेय मी. तीन दिवस रजा मिळालीय. या वेळी आरे-वारेच्या किनाऱ्यावर जायचंच हं, मागच्या वेळी पावसाने घोळ केला. आणि स्टेशनवर रिसीव्ह करायला कोण येणार?” मी म्हटलं, “येईल कोणीतरी.” “कोणीतरी नाही, नाव सांग!” असं म्हणून ती हसली आणि तेवढ्यात रेंज गेली. मी मोबाईल हातात घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिले. गॅसवरचं दूध उतू गेलं ते वेगळंच.

रिसीव्ह करायला. हा शब्द आमच्या घरात कधी शिरला ते मला पक्कं ठाऊक आहे. तो कोकण रेल्वेच्या गाडीतून आला. त्याआधी आमच्याकडे माणसं यायची ती एसटीने. स्टँडवर उतरायची, पिशव्या दोन्ही हातांत घेऊन चालत यायची आणि फाटकातून हाक मारायची. मग घरातून कोणीतरी ‘आलास?’ म्हणत बाहेर यायचं. पायांवर पाणी घ्या, हा गूळ घ्या, हे पाणी घ्या, दमलात का, गाडीला गर्दी होती का. सगळं स्वागत फाटकाच्या आतलं. फाटकाबाहेर जाऊन माणूस आणायचा तो एकतर नवी नवरी असली तर, नाहीतर आजारी असला तर. धडधाकट माणसाला न्यायला स्टँडवर जायचं, म्हणजे त्याला घर सापडत नाही असं म्हटल्यासारखं. माझे वडील, आप्पा, तर याबाबतीत फारच पक्के. ज्याला यायचं आहे तो येतो, असं त्यांचं म्हणणं.

अठ्ठ्याण्णव साली गाडी पुरती सुरू झाली आणि हे सगळं बदललं. स्टेशन गावापासून लांब, वर सड्याच्या माळावर. तिथून घरी यायचं तर रिक्षा हवी, रिक्षावाले तेव्हा मोजके, आणि मुळात गाडी बघायला जायची हौस. मग जो तो कोणाला ना कोणाला रिसीव्ह करायला निघाला. ज्यांच्याकडे कोणी येणार नव्हतं तेही जाऊन येत. बायका नव्या साड्या नेसून फलाटावर उभ्या राहत, पुरुष इस्त्रीचे शर्ट घालत. लग्नाला निघाल्यासारखी माणसं स्टेशनला निघत.

मी त्या वर्षी शाळेत आठवीला इंग्रजी शिकवत होते. नुकतीच लागले होते, त्यामुळे उत्साह दांडगा. पुस्तकात पाहुण्यांच्या स्वागतावर एक उतारा होता. त्यात ग्रीट होता, वेलकम होता आणि रिसीव्हही होता. तीन शब्द, तिन्हींचा अर्थ खाली एकच दिलेला: स्वागत करणे. मी मुलांना फोड करून सांगायला लागले. ग्रीट म्हणजे भेटल्यावर दोन शब्द बोलणं, नमस्कार-चमत्कार. वेलकम म्हणजे आलात, बरं वाटलं, या. आणि रिसीव्ह म्हणजे पुढे होऊन आलेल्याला आपल्यात घेणं. पत्र रिसीव्ह करतात, पार्सल रिसीव्ह करतात, तसा माणूसही. शेवटच्या बाकावरून एकजण उठला, “बाई, मग मारपण रिसीव्ह करतात?” म्हटलं, “हो, तुला आत्ता करायचाय का?” वर्ग हसला. पण मुलं वाक्यं लिहून आणतात तेव्हा खरी परीक्षा बाईंची असते. एका मुलीने लिहिलं होतं, ‘माझी आई दरवर्षी गौरींना रिसीव्ह करते.’ बरोबर द्यावं की चूक, मला ठरवता येईना. गौर काही गाडीने येत नाही. पण तिला सामोरं जाऊन, पाय धुऊन, घरात घेतात तर खरंच. शेवटी बरोबर दिलं आणि तरी मनात काहीतरी टोचत राहिलं.

त्याच भाद्रपदात कुंदाताई आली.

कुंदाताई माझी थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं होतं. भाऊजी लोट्याला एका केमिकलच्या कारखान्यात, पाळ्यांची नोकरी; घर तिथेच खेडच्या रस्त्याला. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून पाच खडे घरात आणायचे ते माहेरवाशिणीने, म्हणून लग्न झाल्यापासून दर भाद्रपदात ती यायची. तीन दिवस राहायची, गौरी गेल्या की आई तिची ओटी भरायची आणि दुसऱ्या दिवशी ती परत जायची. दादा त्या वर्षी गणपतीला दीड दिवस येऊन परत गेला होता, रजा नव्हती. घरात आप्पा, आई आणि मी. कुंदाताई पहिल्यांदाच गाडीने येणार म्हणून मी सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होते. आप्पा म्हणाले, “तिला घर माहीत आहे.” मी म्हटलं, “आप्पा, सगळे जातात हो रिसीव्ह करायला.” ते म्हणाले, “जा मग, कर जाऊन.”

फलाटावर ही गर्दी! गाडी उशिरा होती. लाऊडस्पीकर काहीतरी सांगायचा, सगळे कान टवकारायचे, आणि कोणालाच कळायचं नाही. शेजारचे सुर्वेकाका दिसले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. “काय गो शैला, कोणाला न्यायला?” म्हटलं, “ताईला.” “आमचा बाळू येतोय मुंबयहून. इतकी वर्षं एसटीने आला मेला, कोणी गेलं का आणायला? आता फोन करून सांगतो, बाबा, रिसीव्ह करायला या. म्हटलं जाऊ या. करतात तरी कसं ते बघू.” गाडी आली. बाळू उतरला. बापलेक समोरासमोर उभे राहिले आणि पुढे काय करायचं ते दोघांनाही सुचेना. मिठी मारायची तर बाजूला अख्खं गाव. शेवटी काका म्हणाले, “आलास?” बाळू म्हणाला, “आलो.” काकांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघे एकामागोमाग चालायला लागले. झालं रिसीव्ह.

कुंदाताई अगदी मागच्या डब्यातून उतरली. मी हाका मारत धावले, तरी तिला ऐकू येत नव्हतं. खाली बघत पिशवी ओढत होती. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “आलीस?” तिने वर बघितलं. तिचे डोळे भरून आले. मग म्हणाली, “परत विचार ना.” मला वाटलं थट्टा करतेय. मी परत विचारलं, “आलीस गो ताई?” तेव्हा कुठे ती “आले, आले,” म्हणाली आणि माझा दंड घट्ट धरला. मला तेव्हा काहीच उमगलं नाही. पिशवी उचलली तर हाताला हिसका बसला, इतकी जड. “दगड भरलेत का?” म्हटलं, तर ती नुसती हसली. घरी आईने पिशवीतून काढून काढून ठेवलं: चार सोडून दहा साड्या, थंडीतली शाल आणि तळाशी तिचा मिसळणाचा डबा, मोहरी-हळदीने भरलेला. तीन दिवसांच्या माहेरपणाला कोणी आपली फोडणीची मोहरी घेऊन येत नाही. आईने तो डबा दोन्ही हातांत धरून बघितला आणि फळीवर अगदी मागे सरकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी गौरी आणायच्या होत्या. आमच्या घरची रीत अशी: जी गौरी आणते तिने पाणवठ्यापासून घरापर्यंत मुक्याने यायचं. चुकून बोललं जाऊ नये म्हणून तोंडात पाणी धरायचं. तुळशीपाशी येऊन ते टाकायचं आणि मग उंबऱ्यात उभं राहायचं. मी घंटा वाजवत तिच्या पुढे. विहिरीपासून घरापर्यंतची वाट केवढी ती, पण त्या दिवशी संपेना. माझी घंटा चुकत होती, कधी जोरात, कधी थांबून. मागे वळून बघितलं तर कुंदाताई ताम्हणातले खडे पदराखाली धरून सावकाश येत होती. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले आणि नजर समोर. लहानपणी हे करताना मधेच हसू फुटून तिने पाणी माझ्या अंगावर उडवलं होतं. या वेळी हसू येण्याची काही भीती नव्हती.

उंबऱ्यात आईने तिच्या पायांवर दूधपाणी घातलं, हळदकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या गोदूकाकू हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्या अक्षता घेऊन बाजूला उभ्या. मग दारापासून काढलेल्या तांदळाच्या पिठाच्या पावलांवरून कुंदाताई आत निघाली. आई प्रत्येक खोलीत विचारत होती, “गौर आली, कशाच्या पावलांनी आली?” “सोन्याच्या पावलांनी आली.” “काय घेऊन आली?” माजघरात सुखसमाधान, कोठीत धनधान्य, स्वयंपाकघरात दूधदुभतं. शेवटी देवघर. तिथला प्रश्न आमच्या घरचा खास: “गौर कशाला आली?” आणि उत्तर: “माहेरी विसाव्याला आली.”

आईने विचारलं, “गौर कशाला आली?”

कुंदाताई थांबली. मी घंटा वाजवतच होते. ती म्हणाली, “राहायला आलेय, आई.”

घंटा माझ्या हातात थांबली. गोदूकाकूंनी अक्षता टाकायला उचललेला हात तसाच धरला. बाहेर बाकावर आप्पा बसले होते, त्यांच्या खोकल्यावरून कळलं की त्यांनाही ऐकू गेलंय. आईने खडे घेतले, गणपतीशेजारी मांडले, त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि एवढंच म्हणाली, “पाट घे. बस.”

गोदूकाकू मनाने वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नव्हतं. भाजी-भाकरीचा नैवेद्य होतोय न होतोय तोच त्या कुंदाताईच्या समोर बसल्या. “अगो, मारतो का तुला?” “नाही.” “पितो का?” “नाही.” “बाहेर काही आहे?” “नाही, काकू.” “मग झालंय तरी काय?” कुंदाताई म्हणाली, “काहीच होत नाही, काकू. तेच झालंय.” काकूंना ते काही पटलं नाही. माझ्याकडे बघून आईला म्हणाल्या, “धाकटीचं अजून व्हायचंय हो. थोरली माघारी आली म्हटल्यावर हिला करून कोण घेणार?” मला इतका संताप आला, की पायाखालची फरशी गरम झाल्यासारखी वाटली. मी म्हटलं, “माझं मी बघेन, काकू. माझ्या लग्नाचा दगड तिच्या गळ्यात नका बांधू.” आईने मला डोळ्यांनी गप्प केलं. पण काकू गेल्यावर चुलीपाशी बसून ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “मारलं असतं तर लोकांना सांगता तरी आलं असतं गो.”

आप्पा ओरडले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ते गोड बोलायला लागले. आप्पांचा आवाज असा, की कलमांच्या बागेत ओरडले तर रस्त्यावर ऐकू जायचं, आणि तो आवाज फक्त घरच्यांसाठी. बाहेरच्याशी बोलताना अगदी मऊ: बसा, चहा घ्या, गाडीची वेळ झाली का. त्या दिवसापासून कुंदाताईशी ते तसंच बोलायला लागले. “कुंदा, चहा घेणार का थोडा?” “कुंदा, इथे वारा लागतोय, आत बस हवं तर.” तिने ओली छत्री पडवीत मधोमध उघडून ठेवली, माझ्या हातून झालं असतं तर माझे कान उपटले गेले असते. आप्पांनी ती उचलून कोपऱ्यात ठेवली आणि पंच्याने फरशी पुसली. ते बघून कुंदाताईचा चेहरा उतरला. मीही समजले. पाहुणीला कोणी रागावत नाही.

गौरी जेवल्या त्या दुपारी, घावन-घाटल्याने पोटं जड झालेली, आम्ही दोघी विहिरीपाशी बसलो होतो. मला एका जागी बसवत नव्हतं. उगाच कळशी विसळ, दोर गुंडाळ, असं चाललं होतं. कुंदाताई म्हणाली, “बस गो जरा. तुलाही काकूंसारखं विचारायचंय ना? विचार.” मी बसले, पण विचारलं नाही. मग तीच सांगायला लागली.

“दोन वर्षं झाली. सासूबाईंनी अबोला धरला. कशावरून, ते मला आता नीट आठवतही नाही. दिवाळीच्या फराळात काहीतरी बिघडलं होतं. हे आधी बोलायचे, मग आईला वाईट वाटतं म्हणून हेही गप्प. पहिल्यांदा वाटलं, जाईल चार दिवसांत. तेच अंगवळणी पडलं त्यांच्या. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते ना, तिचा आवाज ऐकला की मी दार उघडायची. हे आत यायचे, डबा ओट्यावर ठेवायचे, माझ्या अंगावरून आत जायचे. मी बाजारातून आले, नळावरून आले, डॉक्टरकडून आले, कोणी मान वर करून बघायचं नाही. जेवायला वाढलं की जेवायचे. चांगलं नाही, वाईट नाही. काही मोडलं नाही, कोणी हात उगारला नाही. मला आपलं वाटायला लागलं की मी त्या घरात नाहीच आहे. एकदा आरशासमोर उभी राहून मीच मला म्हटलं, ‘आलीस?’ आणि मलाच भीती वाटली.” मग म्हणाली, “परवा स्टेशनवर तू विचारलंस ना, दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं गो मला.”

मी रडले. ती रडली नाही. ती रहाटाच्या चाकाकडे बघत होती. मी विचारलं, “त्यांना सांगून आलीस?” ती म्हणाली, “सांगितलं. गौरीला जाते आणि मग येत नाही, असं अगदी समोर उभी राहून सांगितलं. त्यालाही उत्तर नाही.”

तेव्हापासून मला त्या तीन इंग्रजी शब्दांचं मोठं नवल वाटतं. साहेबाने ग्रीट वेगळा ठेवला, वेलकम वेगळा, रिसीव्ह वेगळा. आम्ही मराठी माणसं हे सगळं एका ‘आलास?’मध्ये उरकतो. दिसतंय की आलाय, तरी विचारतो. जेवायला बसलेल्याला ‘जेवताय वाटतं?’ आणि पिशवी घेऊन निघालेल्याला ‘निघालात?’ शहाण्या माणसाला हे प्रश्न वेडगळ वाटतील. मलाही तोवर वाटायचे. पण तू माझ्या डोळ्यांसमोर आहेस, एवढंच तो प्रश्न सांगतो, आणि ते रोज कोणीतरी सांगावं लागतं. वर्गात मी आता हे सांगते तेव्हा मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. परीक्षेत याला मार्क नसतात, हे त्यांना माहीत असतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत माझ्या डोक्यात घोळायला लागली ती अजून थांबलेली नाही. आमच्याकडे येणाऱ्याच्या स्वागताच्या केवढ्या रीती! गणपतीच्या डोक्यावरचं वस्त्र उंबऱ्यात काढायचं, गौरींचे पाय धुवायचे, जावयाला पाट, माहेरवाशिणीला न्हाणं. पण हे सगळे जाणारे आहेत. दीड दिवसाने, पाच दिवसांनी, गौरींबरोबर. त्यांच्या येण्यातच जाणं ठरलेलं आहे, म्हणून तर आपण इतकं मनापासून करतो. जी परत जाणार नाही तिला घरात कसं घ्यायचं, याची रीत कुठल्याच पोथीत सापडत नाही. पुतणी परवा तीन दिवसांसाठी येतेय. तिला रिसीव्ह करायला मी जाणार आहे, आणि ते काही अवघड नाही.

गौरी जायचा दिवस उजाडला. आदल्या रात्रीपासून कोणी कोणाशी काही ठरवून बोललं नव्हतं. आई आप्पांच्या तोंडाकडे बघत होती, आप्पा बागेकडे बघत होते, कुंदाताई कोणाकडेच बघत नव्हती. तिने पिशवी भरली नव्हती आणि आणखी काही बाहेरही काढलं नव्हतं. पिशवी तशीच तोंड उघडी खुंटीखाली. दुपारी दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवून गौरी-गणपती पोचवून आलो. रिकाम्या मखराकडे बघवत नव्हतं. मी पुढच्या दारातून मागच्या दारात, मागच्या दारातून पुढच्या दारात. आईने तबकात तांदूळ घेतले, त्यावर खण ठेवला, हळदकुंकवाची कोयरी ठेवली. मी म्हटलं, “आई, हे काय? ती उद्या जाणारेय का?” आई तबकातले तांदूळ सारखे करत म्हणाली, “मला काय विचारतेस? गौरी गेल्या की माहेरवाशिणीची ओटी भरायची, एवढं मला माहीत आहे. पुढचं तुझ्या वडलांना विचार.” आणि तिने मागच्या दारातून हाक मारली, “अहो, कुंदाच्या ओटीला नारळ द्या सोलून.”

आप्पा उठले. खोपीतून नारळ आणला, हलवून बघितला, ठेवला, दुसरा घेतला. अंगणाच्या कडेला लोखंडी पहार पुरलेली होती, तिच्यावर ते नारळ सोलायचे. कुंदाताई मागच्या पायरीवर बसलेली, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. पहिला घाव, मग पीळ, वरचं काथ्याचं सोडण निघालं. दुसरा घाव. आप्पांचे हात या कामात इतके मुरलेले, की डोळे मिटूनही त्यांनी शेंडी नेमकी राखून नारळ सोलला असता. ओटीचा नारळ शेंडीचाच लागतो. बोडक्या नारळाने ओटी भरत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिसरा घाव बसला आणि आप्पांनी उरलेली शेंडीही मुठीत धरून ओढली, उपटली आणि सोडणांच्या ढिगात टाकली.

आई तबक घेऊन दारात आली होती. “अहो! शेंडी! ओटीचा नारळ ना तो?”

“कसली ओटी?” आप्पा ओरडले. तीन दिवसांत पहिल्यांदाच ओरडले, इतके की पलीकडच्या वाडीत कोणीतरी वळून बघितलं असेल. “आमटीला खोबरं लागेल की नको रात्री? आणि ही काय नुसती बसून राहिलीय पायरीवर? विळी घे म्हणावं तिला. ऊठ गो कुंदे!”

कुंदाताई उठली. तिने त्यांच्या हातातून तो बोडका नारळ घेतला, पदराने पुसला आणि स्वयंपाकघरात गेली. आई तबक हातात घेऊन तिथेच उभी होती. आतून कोयत्याचा आवाज आला, मग नारळाचं पाणी भांड्यात पडल्याचा, आणि मग कुंदाताईचा, मोठ्याने, चिडल्यासारखा: “आई, विळी कुठे ठेवलीयस? या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!”